ऑगस्टसचे नाठाळ स्तुतिपाठक

१८९० साली रोममध्ये टायबर नदीच्या काठाचे काम चालू असताना एका संगमरवरी शिलालेखाचे तुकडे सापडले. इ. स. पूर्व १७ च्या जून महिन्यात सम्राट ऑगस्टसने तीन दिवस आणि तीन रात्री 'शतकोत्सव' साजरा केला होता, त्याचा हा सरकारी वृत्तांत. कोणत्या रात्री कोणत्या देवतेपुढे कशाचा बळी दिला, ऑगस्टसने काय प्रार्थना केली, त्याचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा कुठे त्याच्या सोबत होता, सगळे बारकाईने कोरलेले. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत, आईवडील हयात असलेल्या २७ मुलांनी आणि २७ मुलींनी आधी पॅलाटाइन टेकडीवर आणि मग कॅपिटोलवर स्तोत्र म्हटल्याचा उल्लेख येतो. पाठोपाठ एक छोटे वाक्य आहे. हे स्तोत्र क्विंटस होरेशियस फ्लॅकस याने रचले.

म्हणजे होरेस. सरकारी दप्तरात कवीचे नाव चढले, तेही बळी दिलेल्या जनावरांच्या यादीशेजारी.

हा होरेस कोण? गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा मुलगा. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर तो ब्रूटसच्या फौजेत अधिकारी झाला आणि इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या रणांगणावर ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे पुढे ऑगस्टस झालेल्या माणसाच्याच विरुद्ध उभा राहिला. हरला. ढाल तिथेच टाकून पळ काढला, हे त्याने पुढे एका कवितेत स्वतःच सांगून टाकले. माफी मिळाली, पण बापाची जमीन गेली आणि पोटासाठी सरकारी खजिन्यात कारकुनी करण्याची वेळ आली. पंचवीस वर्षांनी तोच माणूस त्याच विजेत्याच्या राज्याचे अधिकृत स्तोत्र लिहीत होता.

याचे झटपट उत्तर सगळ्यांना ठाऊक असते: कवी विकला गेला. खाल्ल्या मिठाला जागला. हे उत्तर अगदीच खोटे आहे असे नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. विकत घेतलेले भाट प्रत्येक राजाच्या पदरी होते आणि त्यांची कवने राजाबरोबरच चितेवर गेली. ऑगस्टसच्या कवींची दोन हजार वर्षांनीही वाचली जातात, आणि त्यांच्यामुळे ऑगस्टसची जी मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती इतिहासकारांना आजही पुरती खरवडून काढता आलेली नाही. असे का झाले, याचे कारण त्या कवींच्या स्तुतीत कमी आणि त्यांच्या नकारांत जास्त सापडते.

मुळात ऑक्टेव्हियनची सार्वजनिक प्रतिमा भयंकर होती. सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक गेलेला हा पोरगा विशीत पोचता पोचता अँटनी आणि लेपिडस यांच्यासह रोमचा मालक झाला आणि तिघांनी मिळून मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या. नामांकित वक्ता सिसरो याचे मुंडके आणि हात ज्या व्यासपीठावरून तो भाषणे करीत असे तिथेच टांगले गेले. निवृत्त सैनिकांना जमिनी देण्यासाठी इटलीभर शेतकऱ्यांना घराबाहेर काढण्यात आले. पेरूझिया शहर वेढा घालून उपाशी मारले. त्या पिढीतल्या कवींनी हे सारे लांबून पाहिलेले नव्हते. होरेसची जमीन गेली, प्रोपर्टियसच्या घरची जमीन घटली, पेरूझियाच्या युद्धात त्याचा एक नातेवाईक मेला. व्हर्जिलच्या गोपगीतांपैकी पहिल्याच कवितेत दोन गुराखी भेटतात: एकाची जमीन रोममधल्या एका तरुणाच्या कृपेने वाचली आहे आणि दुसरा शेळ्या हाकत देशोधडीला निघाला आहे. कृतज्ञता आणि तक्रार एकाच झाडाखाली बसलेली. व्हर्जिलने हा तोल पुढे कधी सोडला नाही.

अशा माणसांना आपल्या बाजूला आणायचे काम मिसिनसने केले. अरेझोकडचा हा श्रीमंत गृहस्थ ऑक्टेव्हियनचा जिवलग, पण सिनेटचा सदस्य नाही, कुठल्या खात्याचा प्रमुख नाही. व्हर्जिलने आणि वेरियस या कवीने होरेसची शिफारस केली तेव्हा पहिल्या भेटीत होरेसची बोबडी वळली. मिसिनस चार शब्द बोलला आणि त्याला निरोप दिला. पुढचे बोलावणे नऊ महिन्यांनी आले. नंतर केव्हातरी सबाइन डोंगरांतले एक शेत होरेसला मिळाले. त्या बदल्यात अमुक तारखेपर्यंत अमुक इतक्या ओळी, असा करार नव्हता. शेत मिळाले, निवांतपणा मिळाला आणि मांडीला मांडी लावून बसण्याचा मान मिळाला. ही पद्धत भाटाच्या हातावर मोहोर ठेवण्यापेक्षा कितीतरी धूर्त होती, हे उघड आहे. पण त्या धूर्तपणात एक धोका ऑगस्टसने जाणूनबुजून पत्करला होता. कवी नाही म्हणू शकत होता.

आणि कवी नाही म्हणत होते. ऑगस्टसच्या पराक्रमावर महाकाव्य लिहा, अशी अपेक्षा हवेत होतीच. त्यावर या मंडळींनी नकाराची एक खास तऱ्हा बसवली. आपले कर्तृत्व एवढे डोंगराएवढे, आमची वीणा बारकी, प्रेमगीते आणि मद्याच्या मैफली यांपलीकडे आमची झेप नाही, तेव्हा हे काम दुसऱ्या थोर कवीला द्यावे. होरेसने अग्रिप्पाला असेच वाटेला लावले. प्रोपर्टियस तर एके ठिकाणी, विवाहाची सक्ती करणारा कायदा मागे घेतला गेला म्हणून प्रेयसीबरोबर आनंद साजरा करतो आणि आपल्या रक्तातून सैनिक निपजणार नाही असे बजावतो. ज्या राज्यकर्त्याला रोमच्या सैन्यासाठी पोरे हवी होती त्याच्या तोंडावर हे! वर मखलाशी अशी की नकारातच स्तुती झाली: नाही म्हणता म्हणता आपले पराक्रम आम्हाला पेलवणारे नाहीत हे सांगून झालेच.

ऑगस्टसला हे खपत होते? खपत होते, नव्हे, त्याला त्याची किंमत कळत होती. त्याचा चरित्रकार स्यूटोनियस दोन गोष्टी सांगतो. एक, आपल्याविषयी कोणी लिहायचे तर ते गंभीरपणे आणि उत्तम लेखकांनीच लिहावे, असा त्याचा आग्रह होता. काव्यस्पर्धांमधून आपले नाव स्वस्त होऊ देऊ नका, अशी ताकीद त्याने अधिकाऱ्यांना दिली होती. दुसरी गोष्ट होरेसची. ऑगस्टसने त्याला आपला खासगी पत्रलेखक म्हणून बोलावले. होरेसने ते नाकारले आणि ऑगस्टसने मैत्री तोडली नाही. पुढे होरेसच्या पत्रकवितांमध्ये आपल्याला उद्देशून एकही नाही हे पाहून तो रुसला आणि पुढच्या पिढ्यांना तू माझा मित्र होतास हे कळले तर तुझी अब्रू जाईल अशी भीती वाटते की काय, अशा अर्थाचे टोमण्याचे पत्र त्याने लिहिले. सम्राट कवीकडे मोठेपणाची पावती मागत होता.

होरेसने मग पत्रकविता लिहिली. साम्राज्याचा भार वाहणाऱ्याचा वेळ खाणे बरे नव्हे, असे म्हणत तिची सुरुवात होते. पुढे बहुतेक जागा साहित्यचर्चेने अडवली आहे. शेवटी शालजोडीतला हाणलेला आहे: अलेक्झांडरने एका टुकार कवीच्या ओळींवर सोन्याची नाणी उधळली, याची आठवण करून देऊन होरेस सांगतो की भिकार कवीने गायिलेला माणूस त्या कवीबरोबरच रद्दीत जातो आणि त्या कागदात धूप नि मिरे बांधले जातात. सम्राटाला लिहिलेल्या पत्राचा शेवट किराणा गल्लीत! राजस्तुतीवर याहून खरी टीका रोममध्ये कोणी केली नसेल आणि ती राजस्तुतीच्या पोटातच बसून केली गेली.

अर्थात हे कवी काही बंडखोर नव्हते. प्रतिमा घडवण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता आणि त्यात सत्याची ओढाताण पुष्कळ झाली. इ. स. पूर्व ३१ मध्ये ॲक्टियमला झालेली लढाई ही रोमन विरुद्ध रोमन अशी होती. पण युद्ध अधिकृतपणे फक्त क्लिओपात्राशी पुकारलेले होते आणि होरेसच्या विजयगीतात अँटनीचे नावच नाही. भाऊबंदकी पुसून परदेशी राणीवरचा विजय तेवढा उरला. मात्र त्याच गीताचा शेवट पाहावा. सुरुवातीला नशेत झिंगलेली वेडी बाई म्हणून रंगवलेली क्लिओपात्रा अखेरीस सापाचे विष अंगात घेऊन, साखळदंडात मिरवले जाणे नाकारून, ताठ मानेने मरते. विजयोत्सवाच्या गाण्यात शेवटची टाळी पराभूत राणी घेऊन जाते.

पार्थियन ध्वजांची गोष्ट अशीच. इ. स. पूर्व ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅससची फौज कापली गेली तेव्हा रोमचे सेनाध्वज पूर्वेकडच्या शत्रूच्या, पार्थियनांच्या, हाती गेले होते. इ. स. पूर्व २० मध्ये ऑगस्टसने ते वाटाघाटींनी परत मिळवले. लढाई झाली नाही. पण नाण्यांवर गुडघे टेकलेला पार्थियन दिसू लागला आणि कवितांमधून शत्रू शरण आल्याचे सूर निघाले.

याच पंक्तीत भारतीयही बसवले गेले आहेत. त्याच सुमारास एका भारतीय राजाचे शिष्टमंडळ ऑगस्टसला भेटले. दमास्कसचा इतिहासकार निकोलस याने अँटिओकजवळ त्यांना पाहिले होते आणि त्याची हकिगत भूगोलकार स्ट्रेबोने उतरून ठेवली आहे. लांबच्या प्रवासात बरेच जण दगावले, तीनच राजदूत उरले होते. सहाशे राजांचा आपण अधिपती असल्याचे सांगणाऱ्या त्या राजाचे ग्रीकमध्ये, चामड्यावर लिहिलेले पत्र होते. भेटीदाखल जन्मतः हात नसलेला एक माणूस, मोठमोठे साप, नदीतले भलेथोरले कासव आणि गिधाडाहून मोठा तित्तिर. त्यांच्यात बार्गोसाचा, म्हणजे बहुधा भरुचचा, एक साधूही होता. त्याने अथेन्सला हसतमुखाने अग्निप्रवेश केला. हे सगळे मैत्रीचे बोलणे करायला आले होते. शतकोत्सवाच्या स्तोत्रात मात्र भारतीय येतात ते रोमकडे आज्ञा विचारायला आलेल्यांमध्ये, आणि व्हर्जिलच्या महाकाव्यात तर ऑगस्टसचे राज्य भारतीयांच्याही पलीकडे जाणार असल्याचे भाकीत आहे. प्रत्यक्षात पुढच्या शतकात पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भरुचला उतरत होता आणि रोमचे सोने-चांदी त्यासाठी इकडे येत होते. इतका तोटा सोसून कोणी जग जिंकल्याचे ऐकिवात नाही.

व्हर्जिलच्या 'ईनिड'पाशी थोडे थांबायला हवे, कारण ऑगस्टसची प्रतिमा सर्वांत जास्त घडली ती तिथे. ऑगस्टसला हवे होते आपल्या पराक्रमाचे काव्य. व्हर्जिलने लिहिले ते हजारेक वर्षांपूर्वीच्या ट्रॉयमधून निसटलेल्या ईनिअसचे. व्हीनस देवीचा हा मुलगा इटलीत येतो आणि ज्युलियस सीझरचे घराणे त्याच्या मुलापासून आपली वंशावळ सांगत होते. ऑगस्टस स्वतः काव्यात फक्त मोजक्या जागी डोकावतो: जुपिटरच्या भविष्यवाणीत, पाताळातल्या पूर्वजांच्या दर्शनात आणि ईनिअसच्या ढालीवर कोरलेल्या ॲक्टियमच्या दृश्यात. युक्ती अफाट आहे. काल सत्तेवर आलेला माणूस युगानुयुगे ठरलेल्या नियतीचे फळ वाटू लागतो.

स्पेनमधल्या मोहिमेवरून ऑगस्टस पत्रे पाठवी, विनवण्या करी, थट्टेत दमही भरी: मसुदा पाठव, निदान चार ओळी तरी पाठव. व्हर्जिल दाद देईना. अखेर त्याने सहावा सर्ग वाचून दाखवला. त्यात पाताळातल्या भावी रोमन वीरांच्या रांगेत शेवटी एक तरुण येतो, उमद्या चेहऱ्याचा, पण डोळे खाली. तो मार्सेलस. ऑगस्टसचा भाचा, जावई आणि वारसच समजला जाणारा, इ. स. पूर्व २३ मध्ये विशीच्या आतबाहेर मेलेला. समोर बसलेली त्याची आई ऑक्टेव्हिया नाव ऐकताच बेशुद्ध पडली, असे जुने चरित्र सांगते. राजघराण्याच्या वैभवाची मिरवणूक कवीने एका तिरडीपाशी आणून थांबवली होती.

असे ठिकठिकाणी आहे. पाताळात बाप ईनिअसला बजावतो की शरण आलेल्याला अभय दे. काव्याच्या अगदी शेवटी जखमी शत्रू टर्नस हात जोडतो आणि ईनिअस रागाच्या भरात त्याच्या छातीत तलवार खुपसतो. काव्य तिथेच संपते. प्रेमात पडलेल्या कार्थेजच्या राणीला, डायडोला, सोडून जाणारा ईनिअस कर्तव्यदक्ष असेल, पण वाचकाचे डोळे पाणावतात ते डायडोसाठी. इ. स. पूर्व १९ मध्ये मरताना व्हर्जिलने हस्तलिखित जाळून टाका असे सांगितले. ऑगस्टसने ते मोडून काढले आणि वेरियस व टक्का या कवीच्या मित्रांकरवी काव्य प्रसिद्ध केले. या सावल्या त्याला दिसल्या नसतील? तो मूर्ख नव्हता. ज्याने टर्नसचा खून लपवला नाही त्या कवीने ऑगस्टसच्या शांततेला दिलेली दाद लोक खरी मानतील, एवढे त्याला कळत असणार.

लोकांपर्यंत हे पोचलेही. व्हर्जिल शाळेत शिकवला जाऊ लागला. पाँपेईच्या भिंतींवर 'ईनिड'च्या सुरुवातीचे शब्द पुन्हा पुन्हा खरडलेले सापडतात. तिथल्या एका दर्शनी भिंतीवर बापाला खांद्यावर घेऊन निघालेल्या ईनिअसचे चित्र होते आणि शेजारीच कोणा टवाळाने त्या प्रसिद्ध पहिल्या ओळीचे विडंबन लिहून ठेवले: वीराऐवजी कपडे धुणाऱ्यांचे आणि घुबडाचे गाणे. घुबड हा त्या धंद्याची देवता मिनर्व्हा हिचा पक्षी. सरकारी प्रतिमेची परटांच्या नावाने उडवलेली ही खिल्ली तिच्या यशाचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. जे सर्वांना पाठ असते त्याचेच विडंबन होते.

विसाव्या शतकात या कवींची वाटणी दोन तऱ्हांनी झाली. मुसोलिनीने १९३० मध्ये व्हर्जिलची आणि १९३७-३८ मध्ये ऑगस्टसची द्विसहस्राब्दी दणक्यात साजरी केली, आणि स्वतः दुसरा ऑगस्टस असल्याची टिमकी वाजवली. ते पाहतच इतिहासकार रोनाल्ड साइमने १९३९ मध्ये 'द रोमन रेव्होल्यूशन' लिहिले आणि ऑगस्टसच्या कवींना लोकमत घडवणाऱ्या यंत्रणेत बसवले. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या अभ्यासकांना व्हर्जिलमध्ये साम्राज्याचा छुपा निषेध ऐकू येऊ लागला. दोन्ही बाजूंनी कवीला एकाच खिशात कोंबले. व्हर्जिलला शांतता मनापासून हवी होती, त्याने यादवी पाहिली होती. आणि त्या शांततेची किंमत कोणी मोजली हेही त्याला विसरता येत नव्हते. प्रचारक म्हणा की निषेधक, त्यातले अर्धे गळतेच.

कवींना मिळालेली ही मुभा किती पातळ होती ते ओव्हिडने दाखवून दिले. त्याआधीही चटका बसला होता: कवी गॅलस इजिप्तचा सुभेदार झाला, स्वतःच्याच कर्तृत्वाचे शिलालेख कोरू लागला आणि मर्जी जाताच त्याला आत्महत्या करावी लागली. पण तो अधिकारी म्हणून मेला. ओव्हिड निव्वळ कवी होता. इ. स. पूर्व १८ मध्ये ऑगस्टसने व्यभिचार हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला, इ. स. पूर्व २ मध्ये स्वतःच्या मुलीला, ज्युलियाला, त्याच आरोपाखाली बेटावर धाडले. अशा हवेत ओव्हिडने प्रेम जुळवण्याच्या कलेवर मिश्कील धडे लिहिले. ऑगस्टसने उभारलेली देवळे, स्तंभमंडप, नाट्यगृहे ही त्याच्या लेखी मुली गाठण्याच्या उत्तम जागा होत्या. इ. स. ८ मध्ये त्याची रवानगी काळ्या समुद्रावरच्या टोमिसला, आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टान्ट्साला झाली. एक काव्य आणि एक चूक, एवढेच कारण तो सांगतो; चूक कोणती ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

तिथून त्याने सम्राटाला पाठवलेले लांबलचक विनवणीपत्र ही पूर्ण शुद्धीत केलेली गंमत आहे. माझे काव्य अनैतिक, तर मग तुमच्या लाडक्या 'ईनिड'मध्ये लोक सर्वांत जास्त काय वाचतात? डायडो आणि ईनिअस यांचे लग्नाविना जुळलेले प्रेम. स्तुतीही तो भरभरून करतो, इतकी की वाचकाला अवघडायला होते, आणि ती कोणाला खरी वाटत नाही. कशी वाटेल? गुडघ्यावर बसवून घेतलेली आरती आहे ती. ऑगस्टसने माफी दिली नाही, पुढचा सम्राट टायबेरियस यानेही दिली नाही. ओव्हिड तिथेच मेला. रोमच्या नगरपरिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव करून त्याची हद्दपारी रद्द केली. सरकारी कामाला वेळ लागतोच.

पुढच्या सम्राटांना मिसिनस मिळाला नाही आणि हवाही नव्हता. नीरोच्या काळात ल्यूकनने आपल्या काव्याच्या आरंभी सम्राटाला सांगितले की स्वर्गात बसताना मधोमध बसा, कडेला बसलात तर तुमच्या भाराने आकाश कलेल. ही स्तुती की चेष्टा, यावर विद्वान अजून भांडतात. ल्यूकनला इ. स. ६५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कटात सामील म्हणून स्वतःच्या शिरा कापाव्या लागल्या.

डोमिशियनच्या राज्यात तर कवीला गप्प बसण्याचीही सोय राहिली नाही. फोरममध्ये त्याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा उभा राहिला, घोड्याच्या टापेखाली ऱ्हाइन नदी. स्टेशियसने त्यावर लगोलग शंभरावर ओळी लिहिल्या आणि पुतळ्याला काळही हात लावणार नाही अशी ग्वाही दिली. मार्शलने सम्राटाला देव म्हटले, मालक म्हटले. इ. स. ९६ मध्ये डोमिशियनचा खून झाला. सिनेटने शिड्या मागवून त्याच्या प्रतिमा जमिनीवर आदळल्या, नाव जिथे कोरलेले होते तिथे खरवडले. स्टेशियसचा तो चिरंजीव पुतळा उरला नाही. आज तो कळतो तो त्याच्या कवितेवरून.

मार्शलने आपल्या दहाव्या पुस्तकाची सुधारून काढलेली आवृत्ती इ. स. ९८ च्या सुमारास आणली. त्यात तो स्तुतिदेवतांना हाकलतो: जा पार्थियनांकडे, इथे आता मालक नाही, न्यायी सम्राट आहे. नव्या सम्राटाला, ट्रेजनला, ही भाषा फारशी रुचलेली दिसत नाही. निदान मार्शलला त्याचे काही फळ मिळाले नाही. तो स्पेनमधल्या आपल्या गावी, बिल्बिलिसला, परत निघाला तेव्हा वाटखर्च धाकट्या प्लिनीने दिला, कारण मार्शलने प्लिनीवरही काही ओळी लिहिल्या होत्या. मार्शल मेल्याची बातमी आल्यावर प्लिनीने एका मित्राला पत्र लिहून हे सगळे सांगितले, आपल्यावरच्या त्या ओळी पत्रात उतरवून दिल्या, आणि त्याचे काव्य टिकणार नाही असे तू म्हणशील, असे पुढे लिहिले. कदाचित नाही टिकणार, पण त्याने लिहिले ते टिकेल असे समजूनच, असा प्लिनीचा शेरा.